पार्किन्सनच्या औषधाच्या ट्रायलमध्ये दीड वर्ष, बाबांसोबत जाऊन आलेल्या मुलीचा रिव्ह्यू

रेटिंग आधीच सांगून टाकते, ५ पैकी ४. एक स्टार का कापला ते खाली नीट लिहिते, कारण ती गोष्ट मला अजूनही लागलेली आहे.

बाबांना पार्किन्सन आहे आणि एका नवीन औषधाच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये ते दीड वर्ष होते, प्रत्येक व्हिजिटला सोबत मी. जायच्या आधी मी खूप शोधलं की कुणीतरी लिहिलं असेल, तिथे नक्की काय करतात, माणसाला माणूस म्हणून वागवतात का नुसता नंबर असतो, घरच्यांची किती धावपळ होते. कंपन्यांची माहितीपत्रकं मिळाली, घाबरवणारे फॉरवर्ड मिळाले, पण जाऊन आलेल्या माणसाने साधं सरळ सांगितलेलं काही हाती लागलं नाही, म्हणून हे लिहितेय. सेंटरचं, कंपनीचं, औषधाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कृपया विचारू नका.

आणि एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. बाबांना ते नवीन औषध मिळालंच नव्हतं. ते प्लसिबोच्या गटात होते, म्हणजे कॅप्सूल दिसायला हुबेहूब तशीच पण आत औषध नाही. हे आम्हाला ट्रायल संपल्यावर कळलं. तरीही मी ४ स्टार देतेय आणि मनापासून देतेय.

थोडं मागचं सांगते. बाबांचं सगळं सुरू झालं उजव्या खांद्यापासून. हात वर जाईना, रात्री त्या कुशीवर झोपता येईना, सगळ्यांनी सांगितलं फ्रोझन शोल्डर आहे, मग व्यायाम, शेक, मलम, एक इंजेक्शन, जवळपास दोन वर्षं हेच चाललं. मग एके दिवशी माझ्या लक्षात आलं की बाबांची सही बारीक झालीये, सुरुवातीची अक्षरं ठीक आणि पुढे मुंगीएवढी, आणि चालताना उजवा हात हलतच नाही, अंगाला चिकटल्यासारखा. न्यूरॉलॉजिस्टनी बाबांना खोलीत येताना पाहिलं तेव्हाच त्यांना अंदाज आला होता असं ते नंतर म्हणाले. खांदा दुखणं, आखडणं हे पार्किन्सनचं अगदी सुरुवातीचं लक्षण असू शकतं हे आम्हाला तेव्हा कळलं. वास कमी येणं, झोपेत ओरडणं आणि लाथा मारणं, बद्धकोष्ठता, ही पण थरथर सुरू व्हायच्या कितीतरी वर्षं आधीची लक्षणं, आणि बाबांना यातली तिन्ही होती, कुणी कधी जोडून बघितलंच नव्हतं. हे ज्यांच्या घरात आत्ता चालू असेल त्यांनी प्लीज एकदा दाखवून घ्या.

ट्रायलमध्ये का गेलो? कारण जे औषध आहे ते खूप चांगलं आहे पण ते आजार थांबवत नाही. जेम्स पार्किन्सनने हा आजार लिहून ठेवला १८१७ मध्ये. मेंदूत डोपामिन (हालचालींचे निरोप पोचवणारं रसायन) कमी पडतं हे कळायला १९६० साल उजाडलं, होर्निकिएविच नावाच्या शास्त्रज्ञाने मृत पेशंटचे मेंदू तपासून ते दाखवलं, त्याच्या आधी कार्लसनने प्राण्यांवर काम करून डोपामिनचं महत्त्व सांगितलं होतं (त्यांना २००० मध्ये नोबेल मिळालं), आणि १९६७ मध्ये कोट्झियासने लेवोडोपाचे मोठे डोस तोंडाने देऊन माणसं परत चालती केली. तेव्हापासून आजपर्यंत मुख्य गोळी तीच. ती डोपामिनची कमी भरून काढते पण ज्या पेशी डोपामिन तयार करतात त्या मरतच राहतात, आणि मग काही वर्षांनी गोळीचा असर लवकर उतरायला लागतो, मधेच अंग आपोआप वाकडंतिकडं हलायला लागतं. आजाराचा वेग कमी करतं असं पक्कं सिद्ध झालेलं एकही औषध अजून नाही. बाबा म्हणाले, "माझ्यावर नाही तर कुणावर करणार?" आणि विषय संपला.

आता सेंटरबद्दल. पहिली छाप फार चांगली. संमतीपत्र २६ पानांचं होतं आणि मला वाटलं होतं इथे सही करा, तिथे सही करा म्हणतील. तसं अजिबात झालं नाही. कोऑर्डिनेटर ताई दोन तास आमच्यासोबत बसल्या, एकेक पान समजावलं, आणि वर सांगितलं की आज सही करायचीच नाही, घरी न्या, विचार करा. बाबांनी पेन्सिलने समासात अकरा प्रश्न काढले. प्लसिबो मिळण्याची शक्यता किती, मधेच सोडता येईल का, सोडलं तर इथले डॉक्टर माझ्या नेहमीच्या उपचारात हात आखडता घेतील का, काही झालं तर खर्च कोण करणार. सगळ्याची उत्तरं मिळाली आणि तीही आम्हाला कळेल अशा भाषेत. कुठल्याही क्षणी, कारण न सांगता बाहेर पडता येतं हे त्यांनी तीन वेळा सांगितलं असेल. हा काही त्यांचा मोठेपणा नाही, माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाचे नियम सांगणाऱ्या १९६४ च्या हेलसिंकीच्या जाहीरनाम्यापासून तो पेशंटचा हक्कच आहे, पण हक्क असणं वेगळं आणि कुणीतरी तो तुम्हाला नीट बसवून सांगणं वेगळं.

मग स्क्रीनिंग. रक्त, ईसीजी, एमआरआय, स्मरणशक्तीची चाचणी. त्यात घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची असतात, बाबांनी घड्याळ बरोबर काढलं पण एवढं छोटं की डॉक्टरांनी कागद उचलून डोळ्याजवळ नेला. पास झाले.

आता सगळ्यात कठीण भाग सांगते आणि हा नीट वाचा, कारण २६ पानांत तो एका ओळीत आहे. दर सहा महिन्यांनी एक "ऑफ" व्हिजिट असते. म्हणजे आदल्या रात्रीपासून लेवोडोपा बंद, किमान १२ तास, आणि सकाळी तशाच अवस्थेत सेंटरला यायचं, कारण गोळीचा असर अंगात असताना खाली आजार किती पुढे सरकलाय ते दिसत नाही. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या ऑफ व्हिजिटच्या सकाळी बाबांना शर्टाची बटणं लावता येईनात. मी पुढे झाले तर मानेनेच नको म्हणाले. पाच बटणांना वीस मिनिटं लागली आणि मी दाराशी उभी राहून घड्याळाकडे बघायचं टाळत होते. डाव्या पायाची बोटं आत वळून घट्ट झाली होती, बुटात पाय जाईना, ते सकाळचं पाय वळणं हेही या आजारातलंच, आणि ते भयंकर दुखतं.

सेंटरला पोचलो तर तपासणीच्या खोलीच्या दारातच बाबांचे पाय जमिनीला चिकटले. फ्रीझिंग म्हणतात त्याला. पाऊल उचलायचंय, माणूस पूर्ण प्रयत्न करतोय, आणि पाय जागेवरच थरथरतायत. मी मागून हळूच पुढे ढकलत होते, जे कधीच करायचं नसतं, पडतात माणसं, मला तेव्हा माहीत नव्हतं. सिस्टर आल्या, कसलीही घाई नाही, स्वतःचा पाय बाबांच्या पावलांपुढे आडवा ठेवला आणि म्हणाल्या, "काका, माझ्या पायावरून पाय टाका बघू." आणि बाबांनी टाकला. एक, मग दुसरा, आणि खोलीत आले. मी बघतच राहिले. नंतर त्यांनी समजावलं की आपोआप चालण्याचा जो रस्ता मेंदूत असतो तो बिघडलेला असतो, पण समोर काहीतरी ओलांडायचं दिसलं की मेंदू दुसऱ्या रस्त्याने तेच काम करून घेतो. त्या संध्याकाळी मी घरात बाथरूमच्या आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जमिनीवर रंगीत टेपच्या आडव्या पट्ट्या चिकटवल्या, एका पावलाच्या अंतराने. दीड वर्ष झालं, अजून आहेत, दोनदा बदलल्या फक्त. नवीन औषध मिळालं नाही पण हे मिळालं, आणि रोज उपयोगी पडतंय.

तपासणी म्हणजे काय तर बोट आणि अंगठा दहा वेळा जुळवायचा, मूठ उघडमीट करायची, टाच आपटायची, हाताची घडी घालून खुर्चीतून उठायचं, आणि मग डॉक्टर मागे उभे राहून खांदे धरून झटकन मागे ओढतात, तोल सावरतो का बघायला. प्रत्येकाला ० ते ४ मार्क, ४ म्हणजे सगळ्यात वाईट. हालचालींच्या या भागात जास्तीत जास्त १३२ होतात. मग गोळी देतात, तासाभराने परत सगळं तेच. तो तासभर मला आयुष्यात विसरता येणार नाही. वाकलेले, चेहऱ्यावर काही भाव नसलेले बाबा हळूहळू परत येतात, आधी डोळे, मग आवाज, मग हात, आणि मग म्हणतात "चला, झालं का तुमचं?" लेवोडोपा काय चीज आहे हे मला त्या खोलीत कळलं, आणि अजून काय हवंय हे पण.

डायरी हा दुसरा त्रास. व्हिजिटच्या आधी तीन दिवस दर अर्ध्या तासाला खूण करायची, झोपेत, ऑफ (गोळीचा असर उतरलेला), ऑन (असर चालू), ऑन पण अंग आपोआप हलतंय. दिवसाला ४८ चौकोन. सुरुवातीला आम्ही रात्री बसून आठवून आठवून भरायचो, ते चुकीचं आहे, माणसाला आठवत नाही, आपण मनाचं भरतो. कोऑर्डिनेटर ताईंनी ते ओळखलं (सगळ्या खुणा एकाच पेनाने एकाच दाबाने केलेल्या होत्या!) आणि अजिबात न रागावता सांगितलं की मोबाईलला अलार्म लावा. लावला. मग खरी डायरी झाली आणि त्यातून आमच्याच डॉक्टरांना दिसलं की दुपारची गोळी अर्धा तास आधी हवी. उरलेल्या कॅप्सूल पण परत न्यायच्या असतात, त्या ट्रेमध्ये ओतून चपट्या पट्टीने पाच पाच करून मोजतात, दोन जरी जास्त निघाल्या तरी विचारतात कुठल्या दिवशी राहिल्या. मला ते आवडलं. आमच्या दीड वर्षाला कुणीतरी नीट मोजतंय असं वाटायचं.

आता प्लसिबोबद्दल, कारण सगळे हेच विचारतात, मग फसवणूक नाही का ही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाबांचं अक्षर सुधारलं. मी ताडून बघितलंय, जुन्या वह्या आहेत. आवाज मोठा झाला. आम्ही सगळे खुश, औषध लागू पडतंय. आणि ते औषध नव्हतंच. हे कळल्यावर मला पहिल्यांदा वाईट वाटलं आणि बाबांना लाजल्यासारखं झालं, जणू काही त्यांनी नाटक केलं. पण नाटक नव्हतं ते. २००१ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या शास्त्रज्ञांनी पार्किन्सनच्या पेशंटना औषध म्हणून नुसतं सलाइनचं इंजेक्शन दिलं आणि मेंदूचा पेट (PET) स्कॅन काढला, ज्यात मेंदूतल्या रसायनांचं काम दिसतं, तर मेंदूने खरोखर डोपामिन सोडलेलं दिसलं. बरं वाटेल या अपेक्षेनेच. म्हणजे ज्या आजारात डोपामिनच कमी आहे त्या आजारात आशेने डोपामिन सुटतं, खरंखुरं, मोजता येईल एवढं. ते टिकत नाही, बाबांचंही टिकलं नाही, वर्षभरात अक्षर परत होतं तिथे आलं. पण म्हणूनच प्लसिबो गट लागतोच, त्याच्याशिवाय कुठलंही नवीन औषध पहिल्या तीन महिन्यांत जादूचंच वाटेल. मी हे सगळं वाचून बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "म्हणजे अजून आत थोडं शिल्लक आहे."

दुखण्याच्या औषधांचंही अगदी हेच होतं बरं का. सुझेट्रिजिन नावाचं एक नवीन औषध आलंय, अफूच्या जातीचं नाही, दुखण्याचा निरोप नेणाऱ्या नसांमधलं एक विशिष्ट सोडियमचं दार बंद करतं, अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये ऑपरेशननंतर वगैरे होणाऱ्या तात्पुरत्या दुखण्यासाठी मंजूर झालं. पण कंबरेतून पायात जाणाऱ्या जुन्या दुखण्यावर त्याची ट्रायल झाली, डिसेंबर २०२४ ला निकाल आला, तर १० च्या मापावर औषधवाल्यांचं दुखणं साधारण २ ने कमी झालं आणि प्लसिबोवाल्यांचंही साधारण २ नेच. औषध वाईट आहे असं नाही म्हणता येत त्यावरून, पण चांगलं आहे असंही नाही म्हणता येत. किती लोकांची किती वर्षांची मेहनत असते यामागे.

आणि इथेच माझी पहिली तक्रार. बाबांना सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो? थरथरीचा नाही. दुखण्याचा. खांदा, आणि पहाटेचा तो पाय. पार्किन्सनच्या निम्म्याहून जास्त पेशंटना कुठलं ना कुठलं दुखणं असतं. आणि एमडीएस-यूपीडीआरएस नावाची जी भलीमोठी प्रश्नावली सगळीकडे वापरतात (वर सांगितलेली मार्कांची तपासणी हा तिचाच एक भाग), तिच्यात दुखण्यावर प्रश्न किती, तर एक. एक! त्यात दुखणं, मुंग्या, गोळे येणं सगळं एकत्र, ० ते ४ मध्ये बसवायचं. बाबा दर वेळी खांद्यावर हात ठेवून सांगायला लागायचे आणि समोरून यायचं, "हो काका, मग २ लिहू का ३?" त्या डॉक्टर बाईंचा दोष नाही, त्यांच्यासमोर जो कागद आहे तोच त्या भरणार. पण दुखण्यासाठी वेगळी प्रश्नावली आहे, किंग्ज पार्किन्सन्स पेन स्केल, २०१५ पासून आहे, १४ प्रश्न आहेत, पंधरा मिनिटांत होते. ती का नाही लावली? जे मोजलंच नाही त्यावर औषध चाललं की नाही हे कुणाला कधी कळणार? यासाठी मी अर्धा स्टार कापलाय.

उरलेला अर्धा शेवटच्या दोन महिन्यांसाठी. ट्रायल चालू होती तेव्हा फोन एका रिंगमध्ये उचलला जायचा. शेवटची व्हिजिट झाली, बाबांनी कॅप्सूलच्या बाटल्या परत केल्या, सगळ्यांनी हात मिळवले, आणि मग शांतता. सांगितलं होतं निकाल लागला की कळवू. निकाल मला बातमीत वाचायला मिळाला, औषधाचा फायदा दिसला नाही म्हणून कंपनी थांबली एवढंच. बाबा त्या दिवशी सोफ्यावर बसून होते आणि मला कळेना त्यांना हे कसं सांगू, कारण सांगायचं ज्यांनी होतं त्यांनी सांगितलं नव्हतं. मी चार मेल केले, दोनदा फोन. सात आठवड्यांनी पत्र आलं, छापील, त्यात कुठला गट होता तेही. पत्र सभ्य होतं, आभार मानले होते. पण ज्या माणसाने १२ तास गोळीविना पाय वळवत बसून तुम्हाला आकडे दिले त्याला एक फोन करायला काय हरकत होती? निकाल नकारात्मक आला म्हणून राग नाही, तो येऊ शकतो हे आम्हाला माहीत होतं. एक्झेनाटाइडचंच बघा, डायबिटीसचं औषध, २०१७ मध्ये छोट्या ट्रायलमध्ये पार्किन्सनवर छान निकाल आला होता, सगळ्यांना केवढी आशा, आणि मग १९४ लोकांची ९६ आठवड्यांची मोठी ट्रायल झाली, २०२५ च्या सुरुवातीला निकाल आला, काही फायदा नाही. त्याच जातीच्या लिक्सिसेनाटाइडचा २०२४ मध्ये १५६ लोकांवरचा निकाल बरा आला होता पण जवळपास निम्म्यांना मळमळ. म्हणजे दार पूर्ण बंद नाही आणि उघडलंय असंही नाही. हे असंच एकेक पाऊल चालतं आणि प्रत्येक पावलाखाली कुणाचे तरी बाबा असतात, म्हणून म्हणते, फोन करा.

कुणी जाणार असाल तर सही करायच्या आधी हे विचाराच, ऑफ व्हिजिट किती आणि त्या दिवशी घरून न्यायला गाडी पाठवतात का (आम्हाला तिसऱ्या वेळेपासून मिळाली, मागितल्यावर), ट्रायल संपल्यावर औषध चालू ठेवता येईल का, गट कधी सांगणार, निकाल कोण सांगणार आणि कसा. शेवटचं तर लिहूनच घ्या. आणि सोबत जाणाऱ्याने त्या दिवशी दुसरं काहीही काम ठेवू नका, अर्धा दिवस म्हणतात पण पूर्ण जातो. साइड इफेक्टचं विचाराल तर बाबांना पोट बिघडणं, डोकं दुखणं असं किरकोळ झालं, प्लसिबोवर असूनही, सगळं लिहून घेतलं जायचं आणि दुसऱ्या दिवशी विचारपूस यायची.

आता बाबांनी परत नाव दिलंय. यावेळी औषध नाही, नुसता अभ्यास आहे, मनगटावर सेन्सर घालायचा आणि पाठीतलं पाणी एकदा द्यायचं. त्या पाण्यात अल्फा-सिन्युक्लिन नावाचं प्रोटीन चुकीच्या घडीचं झालंय का ते हल्ली तपासता येतं, २०२३ मध्ये हजाराहून जास्त लोकांवर ही टेस्ट करून बघितली होती आणि चांगली निघाली. बाबांच्या खांद्याच्या वेळी अशी काही टेस्ट हाताशी असती तर दोन वर्षं शेक घेण्यात गेली नसती, हे मला राहून राहून वाटतं. स्क्रीनिंगची तारीख पुढच्या महिन्यात आहे. फोनवरच मी विचारून घेतलं दुखण्याची प्रश्नावली आहे का, तर आहे म्हणाले, १४ प्रश्नांचीच. बाबांनी खांद्याचं सगळं आधीच एका कागदावर लिहून ठेवलंय, तारखांसकट, बारीक अक्षरात, मी ते मोठं करून झेरॉक्स काढून आणलंय.